एकशे अठरा

काल संध्याकाळी यादी आली.
पाषाणच्या तळमजल्यावर मशीन तीन आठवडे घुमत होतं,
त्यातून निघाली एवढीशी दोन पानं:
चारशे रोहू, प्रत्येकीपुढे एक आकडा,
कोणाची पिल्लं लवकर भरतील, कोणाची उवांना पुरून उरतील.
सगळ्यांत वर एकशे अठरा.

मला ती आठवत नाही.
त्या दिवशी भिगवणला पहाटेपासून
आम्ही पराची टोकं कापत होतो, तांदळाच्या दाण्याएवढी,
आणि स्पिरिटच्या कुपीत टाकत होतो.
मी नंबर म्हणायचो, तेजल लिहायची.
कौतिकाबाई नगरे ओल्या गोणपाटात मासा धरायच्या,
त्याच्या डोळ्यांवर पदर.
अंधार केला की गप राहतो, म्हणाल्या.
मध्येच एकीच्या खवल्यांवरून उलटा अंगठा फिरवला:
हिला उवा धरत नाहीत.
कशावरून?
हातावरून.
तेजलनं माझ्याकडे पाहिलं. रकाना नव्हता,
लिहिलं नाही.

आज फोन केला.
एकशे अठरा आहे ना टाकीत?
पलीकडे पंपाचा आवाज, बराच वेळ.
मग म्हणाल्या, ती बारीक होती ओ.
पोट दिसंना, जागा अडवून बसलेली.
सोसायटीनं रविवारी दिली हायवेवरच्या हॉटेलला.
तुमची ती काचेची कांडी
गिऱ्हाइकाच्या दाताखाली आली,
मालकानं धुऊन परत पाठवलीय. शिव्यांसकट.
मशीन धरलं तर अजून बोलते ती,
एकशे अठरा, एकशे अठरा.

फ्रीझरमध्ये तिची कुपी आहे.
उणे ऐंशीला तिची सगळी अक्षरं जागच्या जागी,
ए, टी, जी, सी, आईकडची, बापाकडची,
तळहातावर मावेल एवढी नदी.
त्यातलं एक अंडंही फुटायचं नाही.

यादीत खाली एकतीस आहे, दोनशे तीन आहे,
त्याच नराच्या लेकी.
त्या तरी असू द्या, म्हटलं.
आहेत, म्हणाल्या.
आणि ती, तुम्ही अंगठा फिरवला होता ती, ती कितवी?
मला काय ठाऊक नंबर.
हातात द्या, सांगते.

उद्या सहाच्या एसटीनं निघतो.
तेजलनं कागदावर एक जादा उभी रेघ मारलीय,
वर काय लिहायचं ते ठरत नाहीये.
ठेवता ठेवता कौतिकाबाई म्हणाल्या,
येताना हाताला साबण लावू नका,
पाणी नासतं.