ताण

मकरपुऱ्याच्या आमच्या शेडमध्ये पत्र्याखाली
सात वाइंडिंग मशिनं. सातव्यावर मी, खानविलकर.
छत्तीस वर्षं तांबं गुंडाळतोय,
रिटायर व्हायला चौदा महिने.

तरसालीच्या आयटीआयमधून झरणा सोळंकी आली,
सुपरवायझर म्हणाला, हिला शिकवा.
मी तिला म्हटलं, बघ.
आमच्या वेळी शिकवणं म्हणजे एवढंच:
उस्ताद पाठ करून बसायचा
आणि आपण त्याच्या कोपरांवरून अंदाज बांधायचा.

ती नुसती बघेना. विचारी.
"काका, तार केटली खेंचवानी?"
हे कुणी विचारतं का?
म्हटलं, जास्त ओढलीस तर कागद फाटतो,
कमी ओढलीस तर कॉइल पोकळ राहते.
"पण किती?"
अंगठ्याला कळतं.
"तमारा अंगूठाने," ती म्हणाली,
आणि स्वतःचा अंगठा माझ्यापुढे धरला,
कोरा, मेंदीचा डाग असलेला.

दुसऱ्या दिवशी तिनं मामाच्या भंगारच्या दुकानातून
स्प्रिंगचा काटा आणला, पोती तोलायचा, हूक वाकडा.
तारेत अडकवला. मी हसलो,
हात चालूच ठेवला.
आठवडाभर ती वहीत लिहीत बसली.

सकाळी नऊ: साडेचार किलो.
अकरा: साडेचार.
साडेबारा: साडेचार.
मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.
दुपारी तीन, सेव-उसळ खाऊन आल्यावर: पावणेचार.
साडेचार वाजता: सव्वातीन.
सहाही दिवस तसंच.

वही माझ्यापुढे सरकवून ती पाण्याची बाटली भरायला गेली
आणि बराच वेळ आली नाही.
ही समज तिला कुणी शिकवली कोण जाणे,
मी तर नाही.

मग मी तिला जे काट्यात मावत नाही ते दाखवलं.
इन्सुलेशनचा कागद कानाशी न्यायचा,
कोपरा चुरडायचा.
भट्टीत नीट सुकला असेल तर पापडासारखा बोलतो,
दमट असेल तर गप्प बसतो.
तिनं डोळे मिटून ऐकलं. पुन्हा ऐकलं.
"बोले छे!" म्हणाली, आणि केवढी हसली.

मला मात्र दलसुख तडवी आठवला.

अकरा वर्षांपूर्वी टेस्टिंगला माझी एक कॉइल हलली,
दुपारी गुंडाळलेली.
साहेबांनी विचारलं, काय झालं?
मी म्हटलं, कागद दमट असेल.
कागदाची भट्टी दलसुखकडे होती.
त्यानं माझ्याकडे एकदाच पाहिलं.
मी वाकून नट आवळत होतो,
आधीच आवळलेला.
पुढच्या सोमवारी भट्टीवर दुसरा माणूस होता.

त्या दिवशी तार लावण्याआधी
सवयीनं मी कागद कानाशी नेला होता.
पापडासारखा बोलला होता तो.

हे मी झरणाला सांगितलं.
का सांगितलं, कळत नाही.
तिनं वही मिटली, काटा खिळ्याला अडकवला,
आणि म्हणाली, "ए क्यां रहे छे हवे?"
माहीत नाही, म्हटलं.
"विचारलंत?"
हे तिनं मराठीत विचारलं.

आता जाड तार मी सकाळीच उरकतो.
तीननंतर मशिनवर ती, स्टुलावर मी,
ती ओढते, मी वेढे मोजतो.
अठ्ठेचाळीस.
ती ओगणपचास म्हणते, मी एकोणपन्नास,
आणि वेढा एकच पडतो.

शर्टाच्या खिशात एक चिठ्ठी आहे.
टाइम ऑफिसच्या जुन्या रजिस्टरातून उतरवून आणलेला पत्ता:
तडवी दलसुखभाई, गाव बोडेली जवळ,
पुढचं अक्षर लागत नाही.
रविवारी सकाळची बस आहे.
झरणा म्हणते, सकाळचीच धरा, काका,
दुपारी तुमचा हात सैल पडतो.