अंगठ्याखालची तारीख

लास क्रूसेसला, पिकानच्या बागा संपतात त्या चौकात
त्याचा ट्रक माझ्या मागच्या दारात शिरला.
आवाज फार मोठा नव्हता,
स्वयंपाकघरात परात पडावी एवढाच.
मग ट्रकवरची शिडी सावकाश घसरत
माझ्या टपावर येऊन टेकली,
जणू कुणी वर चढणार होतं.

तो उतरला. हाताला छपरांचं डांबर.
दोन्ही हात वर धरून म्हणाला, सॉरी. लागलं का?
मग विम्याचं कार्ड पुढे केलं
आणि अंगठा तारखेवर तसाच ठेवला.
अंगठा काढ, मी म्हटलं.
मार्च.
त्या दिवशी ऑक्टोबरची एकोणीस होती.

पोलीस नको, म्हणाला, शुक्रवारी पैसे आणून देतो.
मी पोलिसांना बोलावलं.

ओमाहाहून मार्लिस नावाच्या बाईचा फोन.
रेकॉर्ड होतंय, चालेल? चालेल.
सिग्नल? हिरवा.
मान दुखते? डावीकडे बघताना.
त्याने चूक कबूल केली?
इथे मी अडले.
ते सॉरी चुकीचं होतं की नुसतं माणसाचं,
याला तिच्याकडे रकाना नसावा.
हो, मी म्हटलं.

त्याचा विमा नाही, म्हणून तुमचाच विमा
त्याच्या वतीने तुम्हाला पैसे देईल,
मार्लिस म्हणाली, पहिले अडीचशे सोडून.
म्हणजे दर महिन्याला अकरा डॉलर
मी भरत आले होते एलिसेओ लुहानसाठी,
त्याचं नाव कळायच्या कितीतरी आधीपासून.

गाडी आली. नवं दार जुन्या रंगाशी
अगदी थोडं खोटं बोलतं.
पाठोपाठ पत्र:
यापुढे वसुलीसाठी आम्ही तुमच्या जागी उभे राहू.
माझ्या जागी.
म्हणजे त्याच्या दारावर थाप पडेल तेव्हा
नाव माझं असेल, दुखरी मानही माझीच,
आणि मी इथे शाळेच्या भटारखान्यात
दोनशे मुलांचे बीन्स ढवळत असेन.

शुक्रवारी तो आला होता म्हणे, मागच्या दाराने.
पाकीट ठेवून गेला. पातळ. दोन-तीन नोटा असतील.
परस्पर काही घेऊ नका, मार्लिसने बजावलेलं.
परत कुठे द्यायचं, पत्ता त्यांच्याकडे.

पाकीट डॅशबोर्डच्या कप्प्यात आहे,
माझ्या कार्डाखाली, न उघडलेलं.
सिग्नलला थांबले की कधी कार्ड काढून
तारीख बघते,
अंगठा बाजूला करून.