ताण

पाडव्याच्या आदल्या रविवारी, सकाळी साडेसातला
(नऊनंतर सोलापूरचं ऊन कुणाचं ऐकत नाही)
किल्ल्याच्या बागेत भरते आमची अदलाबदल.
एक रोप आणायचं, एक न्यायचं. पैशाचं नाव काढायचं नाही.
फलक नाही, माईक नाही. एक सतरंजी,
तिच्यावर दुधाच्या पिशव्यांत, तेलाच्या डब्यांत,
एका बिनझाकणाच्या कुकरात
उभी असलेली माणसांची हौस.

शकीला बागवान पुदिना आणते. दरवर्षी पुदिनाच.
हत्तरगे मास्तरांची कोरफड व्यायली आहे,
अकरा पिल्लं, आणि वहीत प्रत्येकीची जन्मतारीख.
यंत्रमागावरची रात्रपाळी उरकून सरळ इथं आलेला व्यंकटेश बोल्ली,
केसांत अजून सुताचे तंतू,
मांडीवरच्या सदाफुलीसकट बसल्या जागी झोपतो.
त्याला कुणी उठवत नाही.
सदाफुली तेवढी अलगद काढून सावलीत ठेवतात.

मी माझा मोगरा नेला होता.
तीन वर्षं झाली. पानं अशी की दृष्ट लागावी,
फूल एक नाही.
शेणखत घातलं, चहाचा चोथा घातला,
पाचव्या दिवशी येणाऱ्या नळाच्या पाण्यातून
रोज संध्याकाळी एक तांब्या,
माझ्या अंघोळीतला कापून.
कुणीतरी न्या हो, असं सगळ्यांना सांगत होतो
आणि ठेवला होता मुद्दाम मागच्या रांगेत, झेंडूच्या आड.

नरसूबाई येमूलनं तो तिथंही शोधला.
हिला वय विचारलं तर म्हणते, "विड्या मोज."
तेंदूची पानं कातरून काळसर झालेल्या बोटांनी
तिनं कुंडीतली माती दाबली, एक पान उलटं केलं,
आणि माझ्याकडं बघितलं
जसं लाडावलेल्या पोराच्या बापाकडं बघतात.
"लई पाजतो काय रे?"
मी मान हलवली.
"मग कशाला फुलंल? त्याला काय कमी हाय?"

पिशवीतून विडीची कात्री काढली. विचारलं नाही.
माझ्यादेखत सगळी पानं उतरवली, शेंडे उडवले.
राहिल्या काड्या.
"पंधरा दिस पाणी नाही. बघायबी जाऊ नको."
सांगोल्याला भावजयीच्या डाळिंबांना देतात तसा ताण द्यायचा म्हणे.
झाडाला वाटलं पाहिजे, आता आपलं काही खरं नाही.
मग ते कळ्या काढतं.

तेवढ्यात डबे उघडले.
कडक भाकरी मोडल्याचा आवाज, शेंगाचटणी,
शकीलाच्या पुदिन्याची गोळी चटणीत कालवून,
आणि नरसूबाईच्या किटलीत पचडी:
कैरी, चिंच, गूळ, वर कडुलिंबाचा मोहर.
"पाडव्याला दोन दिस हायत, पण मोहर थांबतो व्हय?"
ओंजळीत घेतली. आधी आंबट आलं,
मग गोड येणार म्हणून थांबलो, तर कडू.
गोड आलं फार उशिरा, मनगटावरून ओघळलेलं चाटताना.

आठ पन्नासला मास्तरांचा फोन वाजला.
"सुटलं! विडी घरकुलला पाणी सुटलं!"
आजची पाळी नव्हती.
अर्धी सतरंजी एका दमात उठली,
चपला उलटसुलट, किटली तशीच, निम्मी भाकरी तशीच,
कुणी दुसऱ्याचंच रोप काखेत मारून रिक्षाकडं पळालं.
नरसूबाई सगळ्यांत पुढं, पदर खोचून.
मागं राहिलो मी, झोपलेला व्यंकटेश,
त्याची सदाफुली, आणि माझ्या काड्या.
त्या कुणीच नेल्या नाहीत.

आज बारावा दिवस.
गच्चीवर जायचं नाही असं ठरवलेलं आहे.
काल रात्री गेलो.
दिवा लावला नाही, शपथ तेवढी पाळली.
अंधारात काडीवरून बोट फिरवलं,
पेरापेरावर बारीक काहीतरी टोचलं.
पान असेल. कळी असेल. नखानं खरवडून बघितलं नाही.
तांब्या घेऊन गेलो होतो, सवयीनं.
भरलेलाच खाली आणला,
जिन्यात एक थेंबही सांडू न देता.