पाय निघेना

याकुत्स्कच्या हँगरात त्या रात्री
शून्याखाली चव्वेचाळीस होते.
पाना उघड्या हातानं धरला तर कातडी पान्याकडेच राहते
आणि हातमोज्यातून बोल्ट, वॉशर, नट
सगळं एकाच जातीचं लागतं,
जाड आणि परकं.

उजव्या चाकाच्या दाराची बिजागरी.
पुस्तकात चित्र आहे, बाणसुद्धा आहे:
बोल्टाचं डोकं वर, आटे खाली.
वरून हात जात नव्हता.
मी खालून घातला.
घट्ट बसला, इतका छान
की मी त्याला दोनदा थोपटलं.

माझे बूट नमद्याचे. त्यांना डावा-उजवा नसतो.
अंधारात कुठलाही कुठल्याही पायात जातो,
मग पाय त्याला हळूहळू शिकवतो.
लोखंड शिकत नाही.

ऐतालिना सेम्योनोव्ना तपासायला आली
तेव्हा तिच्या विजेरीनं थंडीत मान टाकली होती.
"डोकं वर?"
मी म्हणालो, हो.
खोटं बोललो नाही. मला तसंच वाटत होतं.
पहाटे चारला कुणालाही आपलं डोकं वरच आहे असं वाटतं.
तिनं सही केली, माझ्या सहीखाली,
शाई गोठलेली म्हणून दोनदा गिरवून.

विमान गेलं. तिक्सीहून दुपारी परत यायचं होतं:
एकतीस माणसं, त्यांत एक बाळंतीण,
आणि पोत्यांत मासे, सरपणासारखे कडक, उभे रचलेले.
मी घरी निघालो होतो,
रेडिओच्या खोलीत फक्त चहासाठी थांबलो.
कॅप्टन ओखलोप्कोवचा आवाज आला,
बाजारभाव सांगावा तसा:
"दोन दिवे हिरवे. तिसरा नाही.
उजवा पाय निघत नाही."

घर सोडताना माणसाचा निघत नाही
तो पाय वेगळा.

कुठला बोल्ट, ते मला तेव्हाच कळलं.
माझ्याआधी मनगटाला कळलं;
खालून घातल्याची आठवण तिथं होती.
चाळीस मिनिटं विमान शहरावर फिरत राहिलं.
धुक्यात दिसत नव्हतं. नुसतं ऐकू यायचं,
जवळ, लांब, पुन्हा जवळ.
रेडिओवाली पोरगी माझ्याकडे बघून म्हणाली,
"मिचिल, तुमचा चहा."

मग त्यानं विमान वर ओढलं आणि सोडलं,
बर्फावर गालिचा झटकावा तसं.
चौथ्या झटक्याला पाय सुटला.

लोक उतरले. उशीर झाला म्हणून कुरकुरले.
एक बाई माशांची पोती मोजत होती, पुन्हा पुन्हा.
ओखलोप्कोव सिगारेट पेटवत होता, आणि काडी
एकही लागत नव्हती.

हँगरात नेल्यावर मी पोटाखाली शिरलो.
पायाच्या नळीवर ओरखडा,
करंगळीच्या नखाएवढा.
आसपास कुणी नाही. पाना खिशात. सहा मिनिटांचं काम.
हे सांगायलाच हवं: मी बोल्ट काढला.
पुसला. डोकं वर धरून
वरून घालायला गेलो
आणि हात जाईना.
कालही गेला नव्हता.
बारीक मनगटाचं माणूस लागतं तिथं.

म्हणून तिला हाक मारली. फक्त म्हणून.
याहून चांगलं कारण मला अजून सापडलेलं नाही.

ती नवी विजेरी घेऊन आली.
ओरखडा बघितला, माझ्या हातातला बोल्ट बघितला.
बराच वेळ काही बोलली नाही.
तिच्या पापण्यांवरचं दहिवर वितळून
गालापर्यंत आलं, ते तिनं पुसलं.
"होता तसा घाल," ती म्हणाली.
"उलटा. चौकशीवाल्यांना दिसू दे.
मग रजिस्टर आण. आधी तुझं नाव, खाली माझं."

मी खालून घातला.
पहिल्याच खेपेला बसला.