शिसं

आईच्या जाळ्याला खाली शिशाच्या गोळ्या होत्या.
त्यातल्या तीन चपट्या.
एकोणनव्वदचा पूर ओसरला तेव्हा
ब्रह्मपुरीच्या उतारावर, गाळात दिसल्या तिला.
खिळा तापवून भोकं पाडली, सुतळीत ओवल्या.
वजनाला वजन.
पुढं तीस वर्षं
पंचगंगेच्या तळाला बसून
त्यांनी आम्हाला वाम आणि मरळ धरून दिली.

ती गेल्यावर जाळं उसवत होतो,
नखाखाली काहीतरी लागलं. रेघ.
रेघेला टोक होतं.

गुजरीत दस्तगीर झारेकरीकडं गेलो.
सराफांच्या उंबऱ्यावरची धूळ झाडायची,
गटाराचा चिखल पाटीत घोळायचा,
त्यातनं गुंजभर सोनं काढायचं,
हा त्यांच्या घरचा चार पिढ्यांचा धंदा.
सोनं तो विकतो.
चिखलात दुसरं काही आलं तर घरी नेतो.
"चिंच लावलीस काय?" पहिला प्रश्न.
"लावू नको. शिसं आजारी पडतंय."

मला कळावं म्हणून त्यानं आधी स्वतःचा डबा उघडला.
"ह्यो क्षत्रप. ह्याला नाक हाय.
कडंचं लिखाण कुणाच्या बाला वाचता येत न्हाई,
मी नाकावरनं वळखतो, पाव्हण्याला वळखावं तसं.
ही शिवराई. ठसा मोठा, तांबं ल्हान.
छत्र आत, पति भाईर.
अर्धा राजा कायम काठाच्या पल्याड ऱ्हातोय.
तुझ्याला तर तोंडच न्हाई."

खरंच नव्हतं.
एका बाजूला कमानीवर कमान रचलेला डोंगर,
शेजारी कठड्यातलं झाड.
दुसऱ्या बाजूला धनुष्य, बाण लावलेला,
धरणारा हात कुठंच नाही.
भोवतीनं अक्षरं, खिळे ठोकल्यासारखी.
त्यानं नाणं उन्हाकडं तिरपं केलं
आणि पहिलीतल्या पोरासारखं बोट ठेवून वाचलं:
र. ञो. वा. सि. ठी. पु. त. स.
"राजाचं. वासिष्ठीच्या पोराचं."
बाप?
"लिवला न्हाई."

गंगावेशीच्या मासळी बाजारात मला अजून 'हौसाचा' म्हणतात.
शाळेत मास्तरांनी मधलं नाव विचारलं तेव्हा
मी बराच वेळ पेन्सिलीला टोक काढत बसलो होतो.
हे मी दस्तगीरला सांगितलं नाही.

दुसऱ्यावर माढरीचा पोरगा, सिवलकुर.
तिसऱ्यावर तो अडला.
भिंग लावलं. चहावर साय धरली.
धनुष्याच्या पोटात आणखी एक धनुष्य, उलटं.
अक्षरांच्या फटीतनं डोकावणारी दुसरी अक्षरं,
दार लावून घेतलं तरी आत माणूस असावा तशी.
"नवा आला, पर नवं शिसं वतलं न्हाई.
जुन्याच्याच टाळक्यावर ठसा हाणला.
खाली माढरीचा, वर गोतमीचा."
मग हे कुणाचं म्हणायचं?
"दोघांचं."
नाणं डोळ्याला लावलं, भोकातनं माझ्याकडं बघितलं.
"तिघांचं. भोक तुझ्या आईचं."

इचलकरंजीचे एक गृहस्थ बाकावर बसले होते,
नाणी गोळा करणारे.
म्हणाले, भोक नसतं तर चौपट दिले असते.
दस्तगीरनं वर पाहिलं नाही.
कुणाच्या तरी लग्नपत्रिकेचं पाकीट उलटं केलं
आणि मागच्या कोऱ्या बाजूवर
सावकाश, जोडाक्षरं जपत, लिहीत गेला:

धातू शिसं.
पहिला ठसा माढरीपुत्र.
दुसरा ठसा गोतमीपुत्र.
तिसरा हौसा भोई, खिळा,
साल अंदाजे एकोणनव्वद.
वजन चौदा ग्रॅम,
भोक वजा.