दुसरा रकाना

शाळेतून चिठ्ठी आली:
पारा पाच अंशांच्या वर गेला
आणि अंधारात पाऊस भुरभुरला, की त्या रात्री
मुलांनी आईला किंवा बाबाला घेऊन
तळ्याजवळच्या वळणावर यावं.
सोबत बादली, बॅटरी, चमकणारं जॅकेट.
हातमोजे ओले करून घालावेत.
खाली विर्वेबाईंची सही, आणि एक बेडूक,
बहुधा दुसरीतल्या कोणीतरी काढलेला,
पाच पायांचा.

हेल्मीची आई त्या आठवड्यात हॉस्पिटलात रात्रपाळीला.
म्हणजे मीच.

वळण माझ्या ओळखीचं.
एकोणीस वर्षं त्यावरून ओंडके नेतोय,
तार्तूच्या खालच्या जंगलातून आरागिरणीपर्यंत.
रात्रीच जास्त, कारण रात्री रस्ता मोकळा.
मोकळा असं मी समजत होतो.

चरात अजून काळपट बर्फ होता.
बर्चच्या खोडांना कोणीकोणी बरण्या बांधलेल्या,
थेंब पडत होता, थांबून, थांबून,
उत्तर द्यावं की नाही ते ठरवत असल्यासारखा.
ऊकूच्या आईनं थर्मासमधून तो रस मला गरम दिला.
चव जवळजवळ पाण्याची.
त्या ‘जवळजवळ’साठीच प्यायचा, ती म्हणाली.

मग हेल्मी ओरडली, “हा बघ!”
मला आधी ढेकूळ वाटलं.
ढेकळाला डोळे होते, तांब्याच्या रंगाचे,
आणि पाठीवर दुसरं, लहान ढेकूळ,
घट्ट मिठी मारून.
“खालची ती आई. वरचा तो बाबा.
तो फुकट येतो,” हेल्मी म्हणाली,
आणि दोघं मिळून एकच मोजला.

सहा महिने मातीखाली काढून
हे उठतात, आणि डोळे पुरते उघडायच्या आत
जन्माच्या तळ्याकडे चालू लागतात.
मध्ये रस्ता आहे हे त्यांना कोणी सांगितलेलं नाही.
रस्ता नंतर आला, बाई म्हणाल्या. तळं आधी.

एक माझ्या हातात दिला.
थंड, अंगापेक्षा जड,
आत काहीतरी धडधडत होतं,
इंजिन चालू ठेवून उभ्या केलेल्या गाडीसारखं.
त्यानं बारीकसा आवाज केला, पिल्लू कुरकुरतं तसा.
बादलीत ठेवायचं सोडून मी तसाच उभा.

वहीत दोन रकाने होते.
एकावर ‘पलीकडे नेलेले’. दुसऱ्यावर नुसतीच फुली.
हेल्मी बॅटरी दातांत धरून लिहीत होती.
पहिल्यात त्रेसष्ट.
दुसऱ्यात, डांबरावर वाकून, मोजून,
एकतीस.
लिहिताना तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.
मग बॅटरी तोंडातून काढून, सहज विचारल्यासारखं:
“बाबा, तुझ्या ट्रकला चाकं किती?”

“बावीस,” मी म्हणालो.

तिनं ते कुठल्याच रकान्यात लिहिलं नाही.

गुरुवारी पुन्हा पाऊस.
भरलेला ट्रक मी वळणाच्या अलीकडे थांबवला,
दिवे लुकलुकते ठेवले.
समोरच्या उजेडात ती जॅकेटं वाकत होती, उठत होती,
बटाटे वेचावेत तशी.
सीटमागे बादली होती, ग्रीसची, दोनदा धुतलेली.
हातमोजे मी चरातल्या पाण्यात बुडवले
आणि उतरलो त्यांच्यात.

आरागिरणीत चाळीस मिनिटं उशीर.
मुकादमानं कारण विचारलं.
“बेडूक,” मी म्हणालो.
त्यानं पेन उचललं, थोडा वेळ तसंच धरलं,
आणि लिहिलं: घसरडा रस्ता.

घरी हेल्मी झोपली होती, मोज्यांसकट.
वही टेबलावर उघडी.
आजच्या तारखेखाली, सगळ्या मुलांच्या नंतर,
बाबा: चार.

पाच होते खरं तर.
पण एक पाठीवर होता.