सतरावा तुकडा

पेइप्सी सरोवराच्या अलीकडे आमचं केंद्र.
एक पत्र्याचं गोदाम, दोन खोल्या,
आणि चोवीस तुकड्यांत वाटलेलं एक शेत.
प्रत्येक तुकड्याला खुंटी, खुंटीवर नंबर.
कुठे शेणखत, कुठे क्लोव्हर, कुठे दोन्ही,
कुठे पोत्यातले पांढरे दाणे, तुलनेपुरते.
सतराव्याला मात्र
ब्याण्णव सालापासून काहीच नाही.
नुसता पेरायचा, नुसता कापायचा,
त्याची उपासमार वहीत लिहून ठेवायची.

मी हेल्वे. माझ्याकडे पदवी नाही.
फावडं आहे, चाळणी आहे
आणि मोजत बसायची खोड.
एका फावड्यात गांडुळं किती:
पाचव्यात एकेचाळीस, नवव्यात तेवीस,
सतराव्यात दोन. त्यातलं एक अर्धं.
अर्ध्याला किती धरायचं, यावर
आर्वो आणि मी एक आख्खा हिवाळा भांडलो.

एका वर्षी गावोगाव आम्ही चड्ड्या वाटल्या.
सुती, पांढऱ्या, कोऱ्या करकरीत.
शेतात पुरा म्हणालो, दोन महिन्यांनी उकरा.
पाद्रीबुवांनीसुद्धा पुरली, आपल्या बटाट्यांत.
सप्टेंबरात शाळेच्या हॉलमध्ये सगळ्या दोरीवर टांगल्या.
कुणाची निम्मी उरलेली, कुणाची नुसती जाळी,
लेम्बितच्या शेतातून आलं फक्त इलॅस्टिक.
ते त्याने पदकासारखं गळ्यात घातलं.
सतराव्यातली
धुऊन नेसता आली असती.

हसणं ओसरल्यावर लेम्बितने विचारलं
ते, जे तो दर वर्षी विचारतो:
"माती जिवंत आहे, मान्य.
पण ओहाकसचं काय?"

ओहाकस. जांभळ्या बोंडाचं काटेरी तण.
वरून कापावं तर खालून हसतं.
मुळाचा बोटभर तुकडा राहिला
की पुढच्या जूनमध्ये कंबरेला लागतं.
औषध मारणार नाही, हा लेम्बितचा शब्द.
शेजाऱ्याची राय चार पोती, तर त्याची तीन,
हाही त्याच शब्दाचा हिशेब.

आणि आमचं उत्तर, बावीस वर्षं:
नक्की सांगता येत नाही अजून.

"अधिक संशोधनाची गरज आहे"
हे वाक्य मी अहवालांत कितीदा टाइप केलंय.
कागदावर ते सरळ उतरतं.
माणसासमोर म्हणताना
जीभ टाळूला चिकटते.
आर्वो म्हणायचा, नुसत्या श्रद्धेवर पीक येत नाही
आणि नुसत्या शंकेवर पोट भरत नाही.
आता तो नाही. त्याच्या कोटाच्या खिशात
मला एक खुंटी सापडली, नंबर नसलेली.

मार्चमध्ये राजधानीहून पत्र आलं.
प्रकल्प तीन वर्षांचे असावेत. निष्कर्ष लवकर हवेत.
सतराव्या तुकड्याचं प्रयोजन काय?
मी उत्तर लिहायला बसले,
चहा गार झाला, तरी पहिली ओळ जमेना.
तो काही देत नाही, हे खरंच.
पण तो गेला
तर बाकीचे तेवीस कुणाशी ताडून पाहू?

त्याच आठवड्यात लेम्बित आला,
काखेत कॅलेंडरांची चळत.
दूध सोसायटीची, गाईंच्या चित्रांची, बावीस.
"बायको चुलीत घालत होती.
तुमच्या कामाची असली तर ठेवा."
प्रत्येक महिन्यात पेन्सिलीच्या फुल्या.
ओहाकस कधी कापलं, केवढं होतं,
कळी धरली होती का, पुन्हा कितव्या दिवशी उगवलं.
कोपऱ्यांत कुठे वासराचा जन्म, कुठे दाढदुखी.

बावीस वर्षं तो उत्तर मागत होता
आणि बावीस वर्षं घरी बसून तेच लिहीत होता.
दोघांपैकी एकालाही हे सुचलं नव्हतं.

मी आकडे भरतेय. एप्रिल गेला, मे गेला.
कळी धरताना कापलेलं, आणि मागोमाग
दोन वर्षं क्लोव्हरखाली दाबलेलं,
तिथे फुल्या विरळ होत जातात.
कदाचित. एकाच शेतातलं आहे हे,
आणि दोन उन्हाळे तसेही कोरडे होते.
म्हणून आर्वोची ती खुंटी
काल लेम्बितच्या शेतात ठोकली. नंबर पंचवीस.
तो म्हणाला, "निकाल कधी?"
मी म्हणाले, "तुझं कॅलेंडर घेऊन ये."

पत्राचं उत्तर अजून व्हायचंय.
आज सतराव्यात गांडुळं तीन.
अर्धं धरलेलं नाही.